शनिवारचं तेल

परवा फोनवर तुमच्यापैकी एकाने (नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळेल) बोलता बोलता सांगितलं, "आजी, गाडीत इंजिनचा दिवा लागतोय बरेच दिवस. पण चालते आहे मस्त."

मी मेथी निवडत होते. हातातली काडी हातातच राहिली. "चालते आहे मस्त" हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं, अगदी ह्याच तीन शब्दांत. त्यानंतर काय काय झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले आहे. क्रमाने लिहिते. मध्येच पुढचं सांगितलेलं मला आवडत नाही, तुम्हीही शेवट आधी वाचू नका.

तेव्हा मी भोरला नवी सून होते. साठ सालानंतरची, सत्तरच्या आधीची गोष्ट. तुमचे आजोबा नोकरीसाठी पुण्याला असत आणि सुट्टीला येत. घरी आम्ही चौघं: मामंजी म्हणजे माझे सासरे, सासूबाई, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. तुम्ही तिला आत्याआजी म्हणून ओळखता, चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून तुम्हाला पाढे विचारणारी. त्या वेळी तिला चष्मा नव्हता. दोन वेण्या होत्या आणि शिक्षिकेची परीक्षा नुकतीच पास झाली होती.

मामंजी कोर्टात शिरस्तेदार होते, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून. निवृत्त झाले तरी त्यांच्या जिभेवरचं कोर्ट उठलं नव्हतं. आमटीत मीठ कमी असेल तर "मीठ गैरहजर" असं म्हणत. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून त्यांनी पुण्याच्या एका डॉक्टरांची जुनी काळी गाडी घेतली. आमच्या आळीत तोपर्यंत सायकलीपलीकडे काही आलेलं नव्हतं. गाडी आली त्या संध्याकाळी सासूबाईंनी तिला ओवाळलं, आणि ओवाळता ओवाळताच मामंजींकडून कबूल करून घेतलं की एकदा घरच्या गाडीतून वरंधा घाट उतरून त्यांना महाडकडे माहेरी न्यायचं. मामंजी म्हणाले, "अर्ज दाखल करून घेतला आहे."

आता दिव्याकडे येते. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि त्यानंतर लवकरच समोरच्या काचेखाली एक लाल दिवा लुकलुकायला लागला. वळणावर लागे, सरळ रस्त्यावर विझे. त्याच सुमारास अंगणात गाडी उभी राहायची तिथे काळे थेंब दिसू लागले. सासूबाईंना शेणाने सारवलेल्या अंगणावर डाग खपत नसत. त्यांनी गाडीखाली एक जुनी परात सरकवली. परातीत तेल साठायला लागलं तशी त्यांची काटकसर जागी झाली. घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना, रहाटाला, विळीच्या खिळ्याला ते तेल मिळू लागलं. आमची दारं इतकी मऊ चालायला लागली की मांजरसुद्धा दचकायचं.

"गाडीचं तेल गळतंय, त्याचाच तो दिवा," वन्सं म्हणाल्या.

"सोमवारी घालू," मामंजी म्हणाले. गाडीचं तेल हमरस्त्यावरच्या पंपावरून आणावं लागे, आणि सोमवारी त्यांना तसंही तिकडे काम होतं.

पण सोमवार उजाडण्याआधी शुक्रवार आला, आणि शुक्रवारी दुपारी पोस्टमनने वन्संचा नेमणुकीचा हुकूम आणून दिला. पासलीच्या शाळेत शिक्षिका! पासली म्हणजे वेल्ह्याच्याही पलीकडे, डोंगरात. हुकूम कुठेतरी फिरून उशिरा आला होता. त्यात स्पष्ट होतं की शनिवारची सकाळची शाळा सुटायच्या आत हजर झालं पाहिजे, नाहीतर नेमणूक यादीतल्या पुढच्या नावाला जाईल.

वन्संनी हुकूम वाचला, परत वाचला, आणि मग मला मिठी मारून स्वयंपाकघरात गोल गोल फिरवलं. सासूबाई "अगं तवा, अगं तवा!" करत राहिल्या.

मामंजी मात्र झोपाळ्यावर बसून विचार करत होते. मुलीने डोंगरात एकटीने राहून नोकरी करणं त्या वेळी आमच्या घरात कुणी केलं नव्हतं. खूप वेळाने त्यांनी निकाल दिला. "अर्ज मंजूर. परंतु अट आहे. जाईल तर घरच्या गाडीतून आणि येईल तर घरच्या गाडीतून. दर सोमवारी मी पोचवीन, दर शनिवारी मी आणीन. एस.टी.च्या गर्दीत माझी मुलगी उभी राहणार नाही. गाडी नसेल तर नोकरीही नसेल."

वन्संनी अट ऐकलीच नाही, आनंदात होत्या. मी ऐकली होती.

शनिवारी उजाडायच्या आत आम्ही उठलो. ट्रंक, वळकटी, स्टो, सगळं डिकीत चढलं. सासूबाईंच्या दशम्या आणि लसणाची चटणी माझ्या मांडीवर आली. मामंजी आंघोळ करून आधी मारुतीला तेल घालून आले, कारण त्यांना साडेसाती चालू होती आणि शनिवार ते फार काटेकोर पाळत. परत आल्यावर त्यांनी टोपी नीट केली, गाडीच्या वाळक्या हाराला हात लावून नमस्कार केला आणि निघालो. मामंजी आणि वन्सं पुढे, सासूबाई आणि मी मागे.

त्या सकाळची हवा मला अजून आठवते. भाताची कापणी उरकली होती, खाचरांत पेंढ्या उभ्या होत्या, आणि धरणाच्या पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा होता. वन्सं सारख्या मागे वळून काहीतरी सांगत होत्या. पहिल्या दिवशी मुलांना काय शिकवायचं? गोष्ट सांगू की कविता म्हणायला लावू? सासूबाई म्हणाल्या, "आधी शेंबूड पुसायला शिकव." आम्ही इतक्या हसलो की मामंजींनी "शांतता" असा आदेश दिला, आणि मग स्वतःच हसले.

हमरस्त्यावर पंपाशी पेट्रोलला थांबलो. तिथल्या माणसाने नळी लावता लावता खिडकीतून आत पाहिलं.

"साहेब, लाल दिवा लागलाय की."

"लागतो तो. चालते आहे मस्त."

पण माणूस भला होता. त्याने पुढचं झाकण उचललं, इंजिनातली तेलाची पट्टी ओढून काढली, पुसून परत बुडवली आणि मामंजींसमोर धरली. "पट्टी कोरडी हाय. आत तेल न्हाईच म्हना. डबा फोडू का?"

मामंजींचा हात खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. "आज वार कुठला?"

"शनवार."

"मग नको."

तुम्हाला हे माहीत नसेल म्हणून सांगते. शनिवारी तेल विकत घ्यायचं नाही, घरात आणायचं नाही, अशी आपल्याकडे पद्धत होती. शनीला तेल वाहायचं, घ्यायचं नाही. वाण्याकडेसुद्धा शनिवारी तेलाचं माप उपडं पडलेलं असायचं.

सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, ते काय फोडणीला घालायचंय?"

"गाडी कशाची?" मामंजी बोटं मोजत म्हणाले. "लोखंडाची. लोखंड शनीचं, तेल शनीचं, वार शनीचा, आणि साडेसाती माझी. फोडणीच्या तेलाला एक वेळ सवलत मिळेल. ह्याला नाही."

"साहेब, पन हे तेल न्हाई, ऑइल हाय," पंपवाला म्हणाला.

"इंग्रजीत नाव घेतलं म्हणजे शनीला कळणार नाही? तो काय फक्त मराठी चौथी झालाय?"

वन्सं म्हणाल्या, "बाबा, वहिनी घेतील. साडेसाती तुम्हाला आहे, त्यांना नाही."

"घर एक, चूल एक. नावं बदलून व्यवहार केला तर कोर्ट त्याला लबाडी म्हणतं."

पंपवाला डबा हातात घेऊन उभाच होता. "मग पैसे नका देऊ. माझ्याकडनं असंच घ्या."

मामंजी एक पाऊल मागे सरले. "शनिवारी तेलाचं दान घेऊ? तुला साडेसाती आहे का रे?"

"हाय की. म्हनून तर म्हनलं."

"बघा!" मामंजी आमच्याकडे वळून म्हणाले, "हा मला तेल देऊन मोकळा होणार!"

सासूबाई, मी, वन्सं आणि तो पंपवालासुद्धा, सगळे हसायला लागलो. हसण्यात तेल राहिलं. गाडी नसरापूरच्या रस्त्याला वळली तेव्हा मागच्या काचेतून मला तो दिसत होता, डबा काखेत धरून आमच्याकडे बघत उभा.

आता दिवा लुकलुकत नव्हता. सरळ रस्त्यावरही लागलेलाच होता. मार्गासनीला गुंजवण्याकडचा फाटा मागे पडला, उजेड वाढला, डाव्या हाताला राजगड आणि समोर तोरणा असे दोन्ही गड दिसायला लागले, पण वन्सं गडांकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर त्या लाल ठिपक्यावर होती.

"बाबा, तो विझतच नाहीये."

"तू त्याच्याकडे बघू नकोस."

"तुमच्या डोळ्यांत येत नाही का?"

मामंजींनी डोक्यावरची काळी टोपी काढली आणि दिव्यावर अडकवली. "आता कुणाच्याच डोळ्यांत येत नाही."

तोवर मी मामंजींना घराबाहेर कधी बोडक्या डोक्याने पाहिलं नव्हतं. त्यांनाही काळजी होती, हे मला तेव्हा कळलं. पण सोमवार हा निकाल एकदा लागला होता, आणि मामंजी स्वतःच्या निकालावर अपील चालू देत नसत.

वेल्हे गाठलं. चहालासुद्धा थांबलो नाही. ऊन चढत होतं, आणि शनिवारची शाळा कधी सुटते ते सगळ्यांना ठाऊक होतं. वेल्ह्यापुढे रस्ता कच्चा. बैलगाडीच्या चाकोऱ्या, मध्ये गवत, आणि पुढे चढ. चढ लागला तसा गाडीतून आवाज यायला लागला. आधी कुणीतरी दूरवर कांडण कांडतंय असा, मग जवळ, मग अगदी आमच्या पायांखाली. खड खड खड. करपल्यासारखा वास सुटला.

"अहो," सासूबाई म्हणाल्या.

"चढ आहे, चढाला होतं तसं," मामंजी म्हणाले आणि गाडीला आणखी जोर दिला.

मग एक हिसका बसला. मी पुढच्या सीटवर आदळले, दशम्यांचा डबा माझ्या मांडीवरून सासूबाईंच्या पायांशी गेला. आवाज बंद. एकदम बंद. शेजारच्या कारवीतला एक पक्षी तेवढा ऐकू येत होता. आणि त्या शांततेत गाडी हळूच मागे सरकायला लागली.

"दगड!" मामंजी ओरडले. हाताचा ब्रेक त्यांनी दोन्ही हातांनी ओढून धरला होता, तरी गाडी सरकत होती. एका बाजूला चढाची भिंत, दुसऱ्या बाजूला उतार. मी दार उघडून उडी मारली, पदर खोचला, रस्त्याकडेचा एक धोंडा लोटत नेला आणि मागच्या चाकाखाली सारला. चाक त्याच्यावर चढलं, थबकलं, आणि थांबलं. दुसऱ्या बाजूने वन्संनी दुसरा धोंडा लावला. आम्ही एकमेकींकडे बघितलं. हात लाल मातीने भरले होते, आणि का कुणास ठाऊक, आम्हाला हसू आलं.

मामंजींना आलं नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवून पाहिली. टक्, एवढाच आवाज. इंजिन आतल्या आत जाम झालं होतं. त्यांनी दिव्यावरची टोपी काढून झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"झालं," ते म्हणाले. "परत फिरू. खालून बैल आणू, गाडी वेल्ह्यापर्यंत नेऊ. नोकरीचं सोमवारी बघू."

"सोमवारी ती दुसऱ्याची झालेली असेल," वन्सं म्हणाल्या.

"अट काय होती?" मामंजींचा आवाज चढला नव्हता, खाली गेला होता. "घरच्या गाडीतून. ही बघ घरची गाडी."

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्या डिकीजवळ ट्रंकेला हात लावून उभ्या राहिल्या. समोरच्या टेकाडामागे कुठेतरी शाळा होती. मुलं पाटीवर काहीतरी गिरवत असतील आणि घंटेकडे बघत असतील.

तेवढ्यात सासूबाई गाडीतून उतरल्या. लुगडं झटकलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "शनिवारी निघालेलं काम अर्ध्या वाटेत टाकून माघारी जात नाहीत."

मामंजी वळले. "काय?"

"साडेसाती असेल त्याने तर नाहीच. माघारी फिरलं तर ती पहिल्यापासून सुरू होते."

"हे कुठल्या शास्त्रात आहे?"

"माझ्या आईच्या."

"तुझ्या आईचं शास्त्र मला आजवर माहीत नव्हतं."

"तुम्ही शनिवारी अर्ध्यातून परत कधी फिरलात? मग सांगायची वेळच आली नाही."

मामंजींनी त्यांच्याकडे फार वेळ रोखून बघितलं. सासूबाईंनी नजर हलवली नाही. असं काही शास्त्र नव्हतं, हे मला शपथेवर सांगता येईल. मामंजींनाही ते कळलं असावं. पण शनिवारचा एक नियम पाळून त्यांनी गाडी घालवली होती. दुसरा नियम कुठल्या तोंडाने मोडणार?

"जा," शेवटी ते म्हणाले. "वहिनीला सोबत ने. गाडीपाशी मी थांबतो."

"मीही थांबते," सासूबाई म्हणाल्या आणि दगडावर बैठक मारून दशम्यांचा डबा उघडला. "कोरडी पट्टी बघून माणसाला भूक लागते."

आम्ही ट्रंक दोघींत उचलली, आणि लगेच कळलं की हिच्यासकट धावणं शक्य नाही. तेवढ्यात वरच्या झाडीतून घंटांचा आवाज करत चार गाई आणि एक म्हैस रस्त्यावर उतरल्या आणि त्यांच्यामागून एक म्हातारी बाई. वरच्या वाडीवरची होती. कमरेला कोयती, हातात काठी, आणि चेहऱ्यावर उत्सुकता मावत नव्हती.

"कुठं चाललाय तुमी पोरींनो?"

"पासलीला. शाळेत."

"आन् मोटारीला काय झालं?"

"आतलं तेल संपलं."

तिने गाडीभोवती एक फेरी मारली. "तेल संपलं म्हून मरती व्हय? आमी महिना महिना बिनतेलाचं कालवण खातो, कोन मरत न्हाई."

मागून सासूबाईंचा हसण्याचा आवाज आला.

"शाळेत काय काम?" म्हातारीने विचारलं.

"ह्या शाळेतल्या नव्या बाई आहेत," मी वन्संकडे बोट करून म्हटलं. "शाळा सुटायच्या आत पोचलं नाही तर दुसऱ्या कुणाला नेमतील."

"ही बाई?" तिने वन्संना वेण्यांपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "एवढीशी? पोरंच हिला शिकवत्याल!" आणि मग एकदम गंभीर झाली. "बाई येनार व्हय शाळंत? माझी नात गुर्जीला लई भेती, जातच न्हाई. बाई आसंल तर जाईल." तिने पदराची चुंबळ केली, ट्रंक डोक्यावर घेतली आणि काठी म्हशीच्या पाठीवर टेकवून तिला बजावलं, "हितंच ऱ्हा गं." म्हैस राहिली. मामंजी, सासूबाई, म्हैस आणि चार गाई असा पहारा गाडीला बसला.

"रस्त्यानं न्हाई, माझ्या मागं या."

मुलांनो, मी कॉलेजात बॅडमिंटन खेळलेली बाई. पण त्या म्हातारीच्या मागून पायवाटेने जाताना माझा श्वास शेवटपर्यंत परत आला नाही. डोक्यावर ट्रंक, तोंडाने अखंड बोलणं, आणि पायांत वहाणासुद्धा नाहीत. गवत कमरेपर्यंत वाढून वाळलं होतं, साडीला कुसळं टोचत होती. वन्संची एक चप्पल ओढ्याच्या चिखलात रुतली, त्यांनी ती उपसली आणि दुसरीही काढून दोन्ही हातात घेतल्या. मी थांबून मागे बघितलं तर खाली आमची काळी गाडी खेळण्याएवढी दिसत होती, गळ्यात पिवळा हार, आणि शेजारी टोपीचा एक काळा ठिपका.

टेकाडाच्या माथ्यावर आलो आणि समोर पासली दिसली. मधे घळ, पलीकडे कौलारू शाळा, अंगणात मुलांच्या रांगा. प्रार्थना संपत आली होती. ओट्यावर धोतर नेसलेले गुरुजी, आणि त्यांच्या हातात हातोडी. घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. हात वर गेलेला आम्हाला स्पष्ट दिसत होता. घळ उतरून चढायची म्हणजे अजून बराच वेळ.

"संपलं," वन्सं म्हणाल्या.

म्हातारीने एका हाताने ट्रंक सावरली, दुसरा तोंडाजवळ धरला आणि अशी हाक दिली की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले.

"ओ गुर्जीऽऽ! घंटा वाजवू नगाऽऽ! बाई आल्यातऽऽ!"

डोंगरातली माणसं एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर अशीच बोलतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हातोडी वरच थांबली. रांगांमधलं एकेक डोकं आमच्याकडे वळलं.

पलीकडून गुरुजींचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "कोण बाईऽऽ?"

"शाळंचीऽऽ! मोटार मेली, बाई जिती हायऽऽ!"

ह्यावर शाळेची शिस्त मोडली. मुलं ओरडत घळीच्या दिशेने धावली. वन्सं हातात चपला घेऊन उतारावरून पळत सुटल्या, वेण्या पाठीवर आपटत होत्या, आणि मीही ओरडत होते, काय ते आठवत नाही. निम्म्या वाटेत मुलांनी त्यांना गाठलं, मध्ये घेतलं आणि जवळजवळ ढकलतच वर नेलं.

गुरुजी हातोडी खाली न घेता उभे होते. वन्संनी धापा टाकत हुकूम पुढे केला. त्यांनी तो सावकाश वाचला. त्यांनाही बहुधा प्रसंग थोडा लांबवायचा होता. मग म्हणाले, "शाळा अजून सुटलेली नाही. मी घंटा वाजवलेली नाही. बाई वेळेत हजर." आणि हातोडी वन्संच्या हातात दिली. "आता तुम्हीच वाजवा."

त्यांनी इतक्या जोरात वाजवली की सगळी मुलं कानांवर हात ठेवून नाचायला लागली.

परतताना मी आणि म्हातारी, दोघीच होतो. वन्सं तिथेच राहिल्या, गुरुजींच्या घरच्यांनी त्यांची सोय केली. मी गाडीपाशी पोचले तर सासूबाई उठून उभ्या राहिल्या. मामंजी उठले नाहीत, फक्त विचारलं, "हजर?"

"हजर," मी म्हटलं. "घंटा त्यांनीच वाजवली."

"ऐकली आम्ही," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांनी टोपी काढली होती ऐकायला."

खालून बैल आले. काळ्या गाडीला दोर बांधले, पुढे बैलजोडी, आत मामंजी ताठ बसून सुकाणू धरलेले, आणि अशी आमची वरात वेल्ह्यात शिरली. लोक घरांतून बाहेर आले. एकाने विचारलं, "काका, एका लिटरमधी किती जाती ही जोडी?" मामंजींनी त्याला उत्तर दिलं, "पेंढीवर आहे." ते विनोद करू शकले, हे बघून मला बरं वाटलं.

पण नुकसान विनोदाने भरून निघण्यासारखं नव्हतं. गाडी ट्रकवर घालून पुण्याला नेली. कारागिराने इंजिन उघडलं तर तेलावाचून आतले फिरणारे भाग तापून एकमेकांत रुतले होते. तो म्हणाला, चढावर उरलंसुरलं तेलही मागे जातं, म्हणून चढावरच मेली. एका डब्याचं काम होतं. आता अख्खं इंजिनच नवं घालावं लागेल. तेवढी ऐपत मामंजींची उरली नव्हती. गाडी सुट्या भागांच्या भावाने गेली. दारात मोकळी परात तेवढी राहिली, आणि सासूबाईंचा वरंधा घाटही राहून गेला. त्या पुढे माहेरी गेल्या, पण एस.टी.ने, खिडकीची जागा मिळवून. अर्जाचं काय झालं, हे त्यांनी मामंजींना कधी विचारलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर विचारलं असतं.

आणि अट? गाडी नाही तर नोकरी नाही, ही अट मामंजींनी मागे घेतली असं कधी म्हटलं नाही. त्यांनी ती फक्त पुन्हा उच्चारली नाही. सोमवारी ते सकाळीच घरातून निघाले आणि दुपारी हातात एक डबा घेऊन परत आले. गाडीचं तेल. सोमवारी घालू असं म्हटलं होतं, म्हणून सोमवारी आणलं. घालायला इंजिन नव्हतं. सासूबाईंनी डबा घेतला आणि माळ्यावर ठेवून दिला.

वन्सं पासलीला रुजल्या. म्हातारीची नात पहिल्याच आठवड्यात शाळेत आली, ओट्याच्या खांबाला धरून. दर शनिवारी शाळा सुटली की वन्सं चालत वेल्ह्याला यायच्या आणि एस.टी. धरायच्या, गर्दी असेल तर उभ्यानेच. मामंजी स्टँडवर तासभर आधी जाऊन बसत. गाडी आली की वन्सं उतरायच्या आधी ते ड्रायव्हरच्या खिडकीशी जात आणि विचारत, "दिवा लागत नाही ना?" ड्रायव्हर सुरुवातीला चक्रावले, मग सवयीने सांगायला लागले, "न्हाई काका, तेल फुल हाय."

मामंजींचे गुडघे दुखायला लागल्यावर स्टँडवर जाणं थांबलं. मग शनिवारी संध्याकाळी ते झोपाळ्यावर दाराकडे तोंड करून बसायचे. माळ्यावरचा डबा सासूबाईंनी बिजागऱ्यांसाठी फोडला होता, वर्षानुवर्षं पुरला. त्यामुळे आमचं दार कधी वाजलंच नाही. मामंजींचा जरा डोळा लागलेला असायचा, दार आवाज न करता उघडायचं, आणि त्यांना कळायचं ते एकदम समोरच्या पायांवरून. मातीने लाल झालेल्या चपला, खांद्यावरची पिशवी, आणि वरून हसरा आवाज.

"बाबा, हजर."